पेशींचा सांगावा : प्रस्तावना

सायटोकाइनला मराठीत काय म्हणायचं, यावर हे पुस्तक जवळजवळ वर्षभर अडून बसलं होतं. परिभाषा घडवणारी मंडळी अशा वेळी संस्कृतकडे जातात आणि सहा-सात अक्षरांचा एखादा शब्द घेऊन परततात. तो शब्द मग कोशात सुखाने नांदतो, बाहेर कुणाच्या तोंडी येत नाही. मूळ शब्द तसा साधा आहे. ग्रीक भाषेत ‘कायटोस’ म्हणजे पोकळ भांडं, पुढे त्याचा अर्थ पेशी असा झाला. आणि ‘किनेइन’ म्हणजे हलवणं. पेशींना हलवतं, जागं करतं ते सायटोकाइन. १९७४ साली स्टॅन्ली कोहेन यांनी हा शब्द रूढ केला. (नोबेलवाले स्टॅन्ली कोहेन वेगळे. नावांचा हा घोळ या विषयात पदोपदी आहे.) मजकुरात मी सायटोकाइन हाच शब्द ठेवला आहे. २०२०-२१ मध्ये तो कुणी न बोलावता आपल्या घराघरांत येऊन बसला, आता त्याला परका म्हणण्यात अर्थ नाही. पुस्तकाच्या नावासाठी मात्र मला आजीचा एक शब्द आठवला: सांगावा.

सांगावा म्हणजे पत्र नव्हे. पत्राला पाकीट असतं, पाकिटावर नाव-पत्ता असतो. सांगावा तोंडी जायचा, बाजाराला आलेल्या कुणाच्या तरी बरोबर. “धाकटीला बरं नाही, येऊन जा म्हणावं.” जाणारा माणूस तो एस.टी.त दोघांना सांगायचा, पारावर चौघांना सांगायचा आणि मग घरी पोचवायचा. ऐकणारा आपापल्या नात्याप्रमाणे हलायचा. आई पिशवी भरायला घ्यायची, मामा पैशांची जुळवाजुळव करायचा, शेजारीण नुसती हळहळायची. शब्द तेच, कामं तीन. आणि ज्याचा धाकटीशी काही संबंध नाही त्याच्या कानावरून ते शब्द वारा गेल्यासारखे जायचे.

सायटोकाइनचं काम असंच चालतं. ती छोटी प्रथिनं असतात. एक पेशी ती बाहेर सोडते आणि दुसऱ्या पेशीच्या अंगावर त्यांना ओळखणारा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असेल तर ती पेशी ऐकते. नसेल तर तिला काही कळत नाही. ऐकून काय करायचं हे ज्या त्या पेशीच्या स्वभावावर असतं: कुणी दुप्पट होते, कुणी हलते, कुणी विष ओकते, कुणी मुकाट मरून जाते. बहुतेक सांगावे आळीपुरतेच असतात, बाजूच्या चार पेशींपर्यंत जातात आणि काही मिनिटांत किंवा तासांत विरतात. रक्तात त्यांचं मोजमाप पिकोग्रॅममध्ये करतात. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोग्रॅम. एवढ्याशा वस्तूने माणूस अंथरुणाला खिळतो.

खिळतो म्हणजे कसा, ते बघा. मे महिना आहे, पंखा बंद केला आहे, अंगावर दोन गोधड्या आहेत आणि तरी दात वाजताहेत. थंडी वाजून ताप येतो असं आपण म्हणतो, पण उकाड्यात थंडी का वाजावी हे सहसा कुणी विचारत नाही. जंतू दिसल्याबरोबर मॅक्रोफेज नावाच्या पेशी इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ असे तीन सांगावे सोडतात. त्यांच्यामुळे मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि तिथला तापमानाचा काटा ९८ वरून उचलून १०२ वर बसवला जातो. अंग अजून ९८ वरच असतं. काट्याच्या हिशेबात ते गार पडलेलं असतं, म्हणून शरीर कुडकुडून उष्णता तयार करायला लागतं. मग आपण पॅरासिटॅमॉलची गोळी घेतो. ती प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही, काटा खाली येतो, घाम फुटतो आणि गोधड्या फेकल्या जातात. “उतरला बाई ताप!” जंतूला त्या गोळीने बोटही लावलेलं नसतं.

अंग मोडून येणं, तोंडाची चव जाणं, कुणाशी बोलू नये असं वाटणं, भिंतीकडे तोंड करून पडून राहणं, हेही सगळं त्याच सांगाव्यांचं काम. याचा पुरावा हवा असेल तर हिपॅटायटिस-सीच्या जुन्या रुग्णांना विचारावं. त्यांना कित्येक महिने इंटरफेरॉनची इंजेक्शनं घ्यावी लागत. सुई टोचली की संध्याकाळी ताप, अंगदुखी, थकवा, सगळं फ्लूसारखं. मात्र फ्लूचा विषाणू कुठेच नसे. काही जणांना इतकं उदास वाटू लागे की मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावं लागे. आपण ज्याला आजारपण म्हणतो त्यातला फार मोठा भाग आपणच तयार केलेला असतो, हे मला पहिल्यांदा त्या रुग्णांकडे बघून नीट समजलं. पुस्तकात ते कितीदा तरी वाचलं होतं.

इथे एक तक्रार नोंदवतो. प्रतिकारशक्तीवर मराठीत जे लिहिलं जातं त्यात सैन्य असतंच. पांढऱ्या पेशी सैनिक, जंतू शत्रू, ताप म्हणजे युद्ध, लस म्हणजे सराव. शाळेच्या मुलांना हे आवडतं आणि मीही वर्गात ते पुष्कळ वापरलं आहे. पण या रूपकात एक खोट आहे. सैन्य जितकं मोठं तितकं बरं, असं त्यातून आपोआप वाटू लागतं. मग ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ काढे, गोळ्या, भुकट्या विकायला वाट मोकळी होते. प्रतिकारशक्ती खरोखरच वाढवली तर काय होतं याचा प्रयोग एकदा लंडनमध्ये, नकळत, झाला होता. त्याकडे येईनच. आधी हा विषय सुरू कसा झाला ते सांगतो.

लंडनच्या उत्तरेला मिल हिल इथे एक मोठी सरकारी संशोधनसंस्था होती. तिथे अ‍ॅलिक आयझॅक्स हे स्कॉटिश विषाणूतज्ज्ञ एका जुन्या कोड्यावर काम करत होते: एका विषाणूची लागण झालेल्या पेशींना दुसऱ्याची लागण सहसा होत नाही. एकाने दुसऱ्याची वाट अडवावी तशी ही गोष्ट. १९५६ मध्ये स्वित्झर्लंडहून ज्याँ लिंडेनमान हा तरुण तिथे आला. दोघांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पिल्लाभोवतीचा पातळ पडदा घेतला, त्याचे तुकडे केले आणि त्यांत उष्णतेने मारलेला फ्लूचा विषाणू घातला. काही तासांनी तुकडे काढून टाकले आणि उरलेलं पाणी ताज्या तुकड्यांवर ओतलं. या ताज्या तुकड्यांनी मेलेला विषाणू कधी पाहिलाही नव्हता. तरी जिवंत विषाणू घातल्यावर तो त्यांत वाढेना. पहिल्या पेशींनी पाण्यात काहीतरी सोडलं होतं आणि दुसऱ्यांनी ते ऐकलं होतं. इंटरफिअर करतं म्हणून त्यांनी त्याला इंटरफेरॉन हे नाव दिलं आणि १९५७ मध्ये शोधनिबंध छापला.

पुष्कळांना ते पटलं नाही. काही अमेरिकन शास्त्रज्ञ त्याला चेष्टेने ‘इमॅजिनॉन’ म्हणत, म्हणजे कल्पनेतलं द्रव्य. राग येण्यासारखं असलं तरी त्यात थोडं तथ्य होतं, कारण ते द्रव्य कुणाला शुद्ध करून दाखवता येत नव्हतं. हेलसिंकीत कारी कान्तेल रक्तदात्यांच्या पांढऱ्या पेशींपासून वर्षानुवर्षं थेंब थेंब इंटरफेरॉन गोळा करत राहिले. त्याचं जनुक १९८० च्या सुमाराला हाती आलं आणि मग कुठे ते पुरेसं बनवता आलं. आयझॅक्स तोवर हयात नव्हते, १९६७ मध्ये वयाच्या ४५ व्या वर्षी ते गेले. आणि टोकियोत नागानो आणि कोजिमा या दोघांनी १९५४ मध्येच, सशांवर काम करताना, विषाणूला अडवणारं असंच द्रव्य पाहिलं होतं. त्यांनी ते फ्रेंचमध्ये छापलं. फार थोड्यांनी वाचलं. विज्ञानातलं श्रेय भाषेवरही ठरतं, हे मराठीत लिहिणाऱ्याने लक्षात ठेवलेलं बरं.

पुढची २० वर्षं सापडेल त्याला नाव देण्यात गेली. ज्याला जे काम दिसलं त्याने त्यावरून नाव ठेवलं, त्यामुळे एकाच प्रथिनाला चार-पाच नावं झाली. १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका बैठकीत इंटरल्युकिन हे नाव आणि पुढे क्रमांक अशी पद्धत ठरली. आज हे क्रमांक ४० च्या आसपास पोचले आहेत. वाचकाने ते पाठ करू नयेत. मीही केलेले नाहीत.

नावांच्या या गोंधळातली एक गोष्ट मात्र रेंगाळून सांगण्यासारखी आहे. न्यूयॉर्कमध्ये यॉर्क अ‍ॅव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. त्याच्या एका बाजूला स्लोन-केटरिंग ही कर्करोगाची संस्था आणि दुसऱ्या बाजूला रॉकफेलर विद्यापीठ. १९७५ मध्ये स्लोन-केटरिंगच्या लॉइड ओल्ड आणि एलिझाबेथ कार्सवेल यांच्या गटाने उंदरांना आधी बीसीजी दिली. हो, तीच बीसीजी, जिचा व्रण तुमच्या-माझ्या डाव्या दंडावर आहे. मग त्या उंदरांना जिवाणूंच्या भिंतीतलं विष टोचलं. त्यांच्या रक्तात असं काही उतरलं की ते दुसऱ्या उंदरांना दिल्यावर त्यांच्या गाठी काळ्या पडून गळू लागल्या. त्या द्रव्याला ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजे टीएनएफ, असं नाव मिळालं. कर्करोगाचं औषध सापडलं, असं सगळ्यांना वाटलं.

रस्त्याच्या पलीकडे रॉकफेलरमध्ये अँथनी सेरामी वेगळ्याच प्रश्नामागे होते. आफ्रिकेतली गुरं ट्रिपॅनोसोम नावाच्या परजीवीने खंगून मरतात. प्रयोगशाळेत सशांना तीच लागण केली तर रक्तात परजीवी थोडेसेच सापडत, पण ससा मात्र नुसता हाडांचा सापळा होई. इतक्या थोड्या जंतूंनी एवढं खाणं शक्य नव्हतं. ससा स्वतःलाच खात होता, आणि तसं कर म्हणून त्याला कुणीतरी सांगत होतं. त्या सांगणाऱ्याला सेरामींनी कॅकेक्टिन म्हटलं, खंगवणारं. १९८५ मध्ये ब्रूस ब्यूटलर आणि सेरामी यांनी दोन्हींची रचना ताडून पाहिली. रस्त्याच्या अलीकडचं टीएनएफ आणि पलीकडचं कॅकेक्टिन एकच निघालं. गाठ गाळणारं आणि माणूस झिजवणारं द्रव्य एकच.

हे वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात आपला जुना शब्द आला: क्षय. त्यात जंतूचं नाव नाही, फुप्फुस नाही, खोकला नाही. नुसतं झिजणं आहे. ज्यांनी तो शब्द वापरला त्यांनी रुग्णाकडे बघून जे दिसलं तेच लिहून ठेवलं. (यावरून आपल्या पूर्वजांना सायटोकाइन ठाऊक होतं असं कृपया कुणी म्हणू नये. त्यांची नजर चांगली होती, एवढं श्रेय पुरेसं आहे.) टीबीच्या रुग्णाचं वजन ज्यामुळे उतरतं त्यात टीएनएफचा मोठा हात असतो. आणि टीबीचे जंतू ज्यामुळे कोंडून राहतात त्यातही टीएनएफचाच हात असतो. या एका वाक्यासाठी मी पुस्तकातली दोन प्रकरणं खर्ची घातली आहेत.

कारण पुढे असं झालं. लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी (हे मैनी जन्माने लुधियानाचे) आमवाताच्या, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, सुजलेल्या सांध्यातल्या पेशी काचेत वाढवत होते. त्या पेशींत डझनभर सांगाव्यांचा कल्लोळ असे. सगळ्यांचं म्हणणं असं होतं की एक बंद केला तर दुसरा त्याची जागा घेईल. यांनी टीएनएफ बंद केला आणि पाठोपाठ इतर आवाजही खाली आले. १९९२ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णांना टीएनएफला पकडणारं प्रतिपिंड शिरेतून दिलं. वर्षानुवर्षं आखडलेले सांधे काही दिवसांत मोकळे होऊ लागले. १९९८ पासून ही औषधं बाजारात आली आणि त्यांतलं एक, अ‍ॅडालिमुमॅब, पुढे अनेक वर्षं जगात सर्वाधिक कमाई करणारं औषध होतं. सकाळी पोळपाट-लाटणं धरता येत नाही म्हणून रडणारी बाई तीन महिन्यांनी स्वतः पोळ्या लाटून डब्यात घेऊन आलेली मी पाहिली आहे. त्यामुळे या औषधांबद्दल मी हलकं बोलणार नाही.

पण २००१ मध्ये अमेरिकेतून एक यादी आली. यांतलंच एक औषध, इन्फ्लिक्सिमॅब, घेतलेल्या ७० जणांना टीबी झाला होता. त्यांतल्या ४८ जणांना तीन किंवा त्याहून कमी डोस झाल्यावरच, आणि निम्म्याहून अधिकांना फुप्फुसाबाहेर, शरीरात इतरत्र. टीबीचा जंतू बऱ्याच लोकांच्या शरीरात आयुष्यभर झोपून असतो. त्याच्याभोवती मॅक्रोफेज पेशींनी कडं केलेलं असतं. ते कडं हातात हात धरून उभं राहावं म्हणून रोज, अखंड, थोडा थोडा टीएनएफ लागतो. तो काढून घेतला की हात सुटतात. अमेरिकेत ज्या गोष्टीने ७० माणसांची बातमी झाली, ती गोष्ट आपल्या देशात कुठल्या थराला जाईल याचा विचार करा. जगातल्या दर चार टीबी रुग्णांपैकी साधारण एक आपला आहे.

एकच जंतू, दोन वेगळी माणसं आणि दोन वेगळे आजार, असं उदाहरण हवं असेल तर ते आनंदवनात आणि अमरावतीच्या तपोवनात आपल्या डोळ्यांसमोर होतं. कुष्ठरोगात एका माणसाच्या अंगावर दोन-तीन बधिर चट्टे येतात आणि त्यांत जंतू शोधूनही सापडत नाहीत. दुसऱ्याची सगळी कातडी जाड होते, भुवया झडतात, आणि चिमूटभर ऊतीत जंतूंचे गठ्ठेच्या गठ्ठे दिसतात. जंतू तोच. १९९१ मध्ये या दोन प्रकारच्या चट्ट्यांतले सांगावे तपासले गेले. पहिल्यात इंटरफेरॉन-गॅमा आणि इंटरल्युकिन-२ होते, ‘गिळलेलं पचवून टाका’ असं मॅक्रोफेजला सांगणारे. दुसऱ्यात इंटरल्युकिन-४ आणि इंटरल्युकिन-१० होते, ‘जाऊ दे, शांत राहा’ असं सांगणारे. पहिल्या माणसाचा फायदा झाला असं मात्र समजू नका. त्या जोरकस हल्ल्यात त्याची नस कामी येते, बोटं वाकडी होतात. दुसऱ्याला औषधं चालू असतानाच कधीकधी अंगभर दुखऱ्या लाल गाठी आणि ताप येतो, आणि तिथे पुन्हा टीएनएफ उसळलेला असतो. या गाठींवर जे औषध लागू पडतं ते थॅलिडोमाइड. गर्भवतींना दिल्यामुळे हजारो बाळं हातापायांविना जन्मली, तेच. १९६० च्या दशकात जेरुसलेमच्या एका डॉक्टरने ते कुष्ठरुग्णाला निव्वळ झोप यावी म्हणून दिलं होतं. रुग्ण झोपला, आणि गाठीही बसल्या. ते टीएनएफ कमी करतं, हे कळायला आणखी जवळपास २५ वर्षं गेली.

आता लंडनचा तो प्रयोग. १३ मार्च २००६, नॉर्थविक पार्क हॉस्पिटलच्या आवारातलं औषध-चाचणी केंद्र. आठ निरोगी तरुण पैसे घेऊन चाचणीला आले होते. दोघांना नुसतं पाणी, सहा जणांना टीजीएन-१४१२ नावाचं नवं प्रतिपिंड. ते टी-पेशींना थेट जागं करणारं होतं. त्यातल्या शांत करणाऱ्या टी-पेशी वाढतील आणि संधिवातासारख्या रोगांत उपयोग होईल, अशी अपेक्षा. माकडांनी ज्या डोसला काही कुरकुर केली नव्हती त्याच्या ५०० व्या भागाइतका डोस दिला होता. एकाला दिल्यावर दहा मिनिटांनी दुसऱ्याला, असे सहाही जण उरकले. दीड तासाच्या आत डोकेदुखी, कंबरदुखी, उलट्या, ताप. आधी टीएनएफ चढला, मग त्याच्यामागून बाकीचे. रात्र संपेपर्यंत सहाही जण अतिदक्षता विभागात होते, फुप्फुसं भरलेली, मूत्रपिंडं थांबलेली. सगळे वाचले, पण एकाला हातापायाची बोटं गमवावी लागली. माकडांना का झालं नाही? त्यांच्या ज्या टी-पेशी अनुभवी झालेल्या असतात त्यांच्यावर ते औषध धरून ठेवणारा हुकच नसतो. माणसाच्या पेशींवर असतो.

त्या सहा मुलांच्या अंगात एकही जंतू नव्हता. कारणावाचून नुसतीच प्रतिकारशक्ती वाढली होती. काढ्याच्या पाकिटावर जे लिहिलेलं असतं, ते.

सायटोकाइनचं वादळ हा शब्द त्याआधी, १९९३ मध्ये, अस्थिमज्जा रोपणाच्या संदर्भात वापरला गेला होता. आपल्याकडे तो कोविडबरोबर आला आणि एप्रिल-मे २०२१ मध्ये सगळ्यांच्या तोंडी झाला. त्या दिवसांतला एक फोन मला शब्दशः आठवतो. रात्री पावणेबारा, नात्यातला मुलगा. “काका, बाबांना काल ते इंजेक्शन दिलं. आयएल-सिक्स काल ८२ होतं, आज ६०० च्या वर गेलंय. चुकीचं दिलं का हो?” ते इंजेक्शन टोसिलिझुमॅब. छापील किंमत ४०,००० च्या घरात, मिळत नव्हतं म्हणून त्याने कितीला आणलं हे मी विचारलं नाही. मी त्याला सांगितलं ते असं: हे औषध इंटरल्युकिन-६ ला पकडत नाही, पेशीवरचे त्याला ऐकणारे कान बंद करतं. कान बंद झाले की निरोप कुणी घेत नाही आणि तो रक्तात साठत जातो. आकडा चढला म्हणजे औषध बसलं. उलट सीआरपी, म्हणजे रक्तातलं दाह दाखवणारं प्रथिन, एकदम खाली येईल, कारण यकृत ते इंटरल्युकिन-६ चं ऐकूनच बनवतं. पण ते खाली आलं म्हणून नवा जंतुसंसर्ग नाही असं समजू नका, आता तुमची धोक्याची घंटाच काढून ठेवलेली आहे. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मग रोज हे अडीच-तीन हजारांचं टेस्टिंग कशासाठी करताहेत?” त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

बाबा वाचले. त्या इंजेक्शनमुळे, की प्राणवायूमुळे, की काही रुपयांच्या डेक्सामेथासोनमुळे, हे मी सांगू शकत नाही, आणि त्यांच्या डॉक्टरांनाही सांगता येणार नाही. एकेका माणसावरून ते कळतच नसतं. ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या चाचणीत हजारो रुग्ण होते म्हणून तिथे कळलं. टोसिलिझुमॅब मिळालेल्यांत १०० मागे ३१ गेले, न मिळालेल्यांत ३५. चार माणसं ही थोडी नव्हेत. पण जमीन गहाण ठेवून ते आणणाऱ्या किती घरांना हे चार कुणी सांगितलं होतं? व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू त्याच चाचणीत डेक्सामेथासोनने सुमारे एकतृतीयांश कमी केले होते, जून २०२० मध्येच.

आणि वादळ हा शब्दही तिथे पुरता बसत नव्हता. गंभीर कोविडमध्ये इंटरल्युकिन-६ ची सरासरी पातळी, कर्करोगाच्या कार-टी उपचारात उठणाऱ्या खऱ्या वादळाच्या जवळजवळ शंभरावा भाग होती. उलट पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या ज्याँ-लॉराँ कासानोव्हा यांच्या गटाने २०२० मध्ये ९८७ अत्यवस्थ रुग्ण तपासले, तेव्हा १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला पकडणारी प्रतिपिंडं आढळली. म्हणजे दहातल्या एकाच्या बाबतीत तरी, मिल हिलच्या त्या अंड्याच्या पडद्यातला पहिला, सर्वांत जुना सांगावा वाटेतच अडवला गेला होता. त्यांच्या घरी वादळाच्या आधी शुकशुकाट होता.

कार-टीचं नाव निघालं म्हणून. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात सहा वर्षांच्या एका मुलीला रक्ताच्या कर्करोगासाठी तिच्याच बदललेल्या टी-पेशी दिल्या, आणि ती वादळात सापडली. टोसिलिझुमॅब द्यावं हे या उपचारामागचे संशोधक कार्ल जून यांना सुचलं, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला लहानपणीचा संधिवात होता आणि त्या निमित्ताने हे औषध त्यांच्या माहितीत होतं. फिलाडेल्फियातली ती मुलगी वाचली आणि तो उपचारही वाचला. आज आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून उभी केलेली कार-टी पद्धत ऑक्टोबर २०२३ पासून मान्यताप्राप्त आहे. हा उपचार देणाऱ्या वॉर्डांतही ताप चढला की सगळ्यांचे हात आधी त्याच कुपीकडे जातात.

पुस्तक क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. केमोनंतर ‘काउंट वाढवायचं इंजेक्शन’ घेणाऱ्यांनी नववं प्रकरण आधी वाचावं. तेही सायटोकाइनच आहे, आणि ते शोधायला मेलबर्नच्या डोनाल्ड मेटकाफ यांना जन्म घालवावा लागला. सोरायसिसवाल्यांसाठी अकरावं. आकृत्या मी हाताने काढल्या आहेत, त्या सुबक नाहीत. काही ठिकाणी जे आज खरं मानलं जातं ते पाच वर्षांत बदलेल, तिथे मी ‘सध्या’ हा शब्द घातला आहे.

एक विनंती मात्र इथेच करतो, पुस्तक पुढे वाचा किंवा वाचू नका. घरात कुणाला आमवात, मणक्याचा संधिवात, सोरायसिस किंवा आतड्याची सूज यासाठी टीएनएफ थांबवणारं इंजेक्शन सुरू होणार असेल, तर आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी झाली का ते विचारा. पूर्वी घरात कुणाला टीबी झाला होता का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपणहून सांगा. त्यात लपवण्यासारखं काही नाही. आणि इंजेक्शन सुरू झाल्यावर दोन आठवड्यांहून जास्त ताप, खोकला राहिला किंवा वजन उतरू लागलं, तर पुढची सुई घेण्याआधी दवाखाना गाठा.